मीठ चवीपुरतं, म्हणजे नेमकं किती?

रात्रीचा दीड वाजला आहे, उद्या सबमिशन आहे, तीन शीट्स अजून जी.टी. मारायच्या राहिल्या आहेत आणि मगमधली कॉफी कडूजहर झाली आहे. हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाने ही रात्र काढलेली असते. झोप उडावी म्हणून कॉफीची पूड जरा सढळ हाताने पडते, साखरेचा डबा नेमका त्याच रात्री रिकामा असतो आणि दूध मिळण्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. अशाच एका रात्री आमच्या मजल्यावरच्या एका सीनियरने माझ्या मगात चिमटीने काहीतरी टाकलं, चमचा फिरवला आणि म्हणाला, "आता पी." मी प्यायलो. कॉफी गोड झाली नव्हती, पण पिण्यासारखी नक्की झाली होती. त्याने टाकलं होतं मीठ. कैरीबरोबर खायला मेसमधून कागदाच्या पुडीत बांधून आणलेलं.

त्या वेळी मला वाटलं, हा आणखी एक हॉस्टेली जुगाड. पुढे या विषयावर थोडं वाचन केलं आणि कळलं की या चिमूटभर मिठामागे चांगलं पन्नास-शंभर वर्षांचं संशोधन उभं आहे. शिवाय यंदा आपल्या मेसमध्ये मिठावरून जे रामायण झालं, त्याचं उत्तरही त्याच संशोधनात सापडलं. म्हणून हा लेख.

सुरुवात एका तक्रारीने करतो. पाककृतीचं कुठलंही पुस्तक उघडा. रवा दोन वाट्या, साखर दीड वाटी, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा असं सगळं मोजून-मापून लिहिलेलं असतं आणि शेवटी येतं, "मीठ चवीपुरते". आपण ड्रॉइंगच्या शीटवर एखादं डायमेन्शन "अंदाजे योग्य तेवढे" असं लिहिलं तर सर शीट आपल्या डोक्यावर गुंडाळून मारतील. मग मिठालाच ही सवलत का? उत्तर असं की मिठाचं काम जितकं आपण समजतो तितकं सरळ नाही. मीठ म्हणजे खारट चव, एवढंच आपल्याला माहीत असतं. प्रत्यक्षात बहुतेक पदार्थांत मीठ खारट लागावं म्हणून घालतच नाहीत. कॉफीत तर नाहीच नाही.

आधी कॉफी कडू का लागते ते पाहू. आपण सगळा दोष कॅफिनला देतो. कॅफिन कडू आहे हे खरंच, पण कॉफीच्या एकूण कडूपणात त्याचा वाटा फार तर १५ टक्क्यांच्या आसपास असतो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातले थॉमस हॉफमन यांनी २००७ साली बाकीच्या कडूपणाचा हिशेब मांडला. कॉफीच्या हिरव्या बियांत क्लोरोजेनिक आम्लं असतात. बी भाजताना त्यांची लॅक्टोन तयार होतात, मध्यम भाजलेल्या कॉफीचा सुखद कडवटपणा तो हा. आणखी भाजत गेलं की ही लॅक्टोन मोडून फेनिलइंडेन नावाची संयुगं बनतात आणि त्यांचा कडूपणा उग्र, जिभेवर रेंगाळणारा असतो. म्हणजे जास्त कडू कॉफी म्हणजे जास्त जागरण, हे आपलं समीकरण चुकीचं आहे. त्यात रोबस्टा जातीच्या बियांत अरेबिकापेक्षा जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं आणि क्लोरोजेनिक आम्लंही जास्त असतात. शिवाय आपल्याकडे अनेक कॉफींत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरीत कॅफिन अजिबात नसतं, कडूपणा मात्र असतो.

आता जीभ. शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा असायचा, आठवतो का? टोकाला गोड, कडेला खारट-आंबट आणि मागे कडू. तो नकाशा विसरून जा. १९०१ साली हेनिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेत थोडाफार फरक असल्याचं मोजलं होतं. पुढच्या लोकांनी त्या बारीक फरकाच्या सरळ सरहद्दी आखून टाकल्या. प्रत्यक्षात चवीच्या कळ्या जिथे जिथे आहेत तिथे सगळ्या चवी कळतात. कडू ओळखणारे रिसेप्टर माणसात सुमारे पंचवीस प्रकारचे आहेत. गोडासाठी एवढा पसारा लागत नाही. कारण उघड आहे. निसर्गातली पुष्कळ विषं कडू असतात आणि विष ओळखायला चुकलं तर पुन्हा परीक्षेला बसता येत नाही.

या कडूपणावर आपल्याकडे घरगुती इलाज दोन, साखर आणि मीठ. दोन्ही लागू पडतात, पण लागू पडण्याची जागा वेगवेगळी आहे, आणि मला सगळ्यात आवडलेला प्रयोग हाच आहे. १९८५ साली क्रोझे आणि लिंडा बार्टोशुक या दोघांनी जिभेचे डावा आणि उजवा असे दोन भाग मानून चव दिली. क्विनीन, म्हणजे मलेरियाचं ते प्रसिद्ध कडू औषध, एका बाजूला ठेवलं. त्याच बाजूला त्यातच मीठ मिसळलं तर कडूपणा चांगलाच उतरला. पण क्विनीन डावीकडे आणि मीठ उजवीकडे, असं वेगळं ठेवलं तर मिठाचा प्रभाव फारसा पडेना. साखरेचं तसं नव्हतं. साखर दुसऱ्या बाजूला ठेवली तरी कडूपणा कमी वाटत होता.

इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांच्या भाषेत सांगायचं तर मीठ सेन्सरपाशी काम करतं आणि साखर कंट्रोल रूममध्ये. साखर घातली की कडूचा निरोप मेंदूकडे जातोच, पण सोबत गोडाचा एवढा मोठा निरोप जातो की मेंदू पहिल्याकडे कमी लक्ष देतो. मीठ मात्र कडूचा निरोप निघतानाच लहान करतं. म्हणून कॉफीत चार चमचे साखर घातली तरी मागे तो जळका कडवटपणा राहतो आणि कॉफी एकाच वेळी गोडमिट्ट आणि कडू लागते. मीठ थोडंच लागतं, कारण ते मुळापाशी काम करतं.

पुढचा टप्पा १९९७ सालचा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात मोनेल नावाची संस्था आहे, तिथे चव आणि वास या दोनच गोष्टींचा अभ्यास चालतो. (कॅम्पस इंटरव्ह्यूला येत नाहीत, चौकशी केली आहे.) तिथल्या पॉल ब्रेस्लिन आणि गॅरी बोशां यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा शोधनिबंध छापला. त्यांनी कडू पदार्थ म्हणून युरिया घेतला. हो, शेतात टाकतात तोच, पण शुद्ध. गोड म्हणून साखर घेतली. आणि मिठाच्या ऐवजी सोडियम अॅसिटेट घेतलं, कारण त्यात सोडियम असूनही ते आपल्या मिठाएवढं खारट लागत नाही. युरिया आणि साखर यांच्या मिश्रणात सोडियम अॅसिटेट टाकल्यावर कडूपणा उतरला आणि गोडपणा वर आला. साखर एक कणही वाढवली नव्हती. आधी कडूने गोडाला दाबून ठेवलं होतं, सोडियमने कडूला खाली बसवलं आणि दबलेला गोड मोकळा झाला. व्हायव्हाला दोन मुलं एकदम बोलत असतील आणि सरांनी त्यातल्या एकाला गप्प केलं, तर दुसऱ्याचा आवाज न वाढताही ऐकू येतो. तसंच हे.

मात्र सगळे कडू पदार्थ मिठाला सारखे वश होत नाहीत. याच दोघांनी १९९५ साली निरनिराळे कडू पदार्थ तपासले होते. युरियाचा कडूपणा सोडियमने खूपच कमी झाला. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, त्याच्यावर जवळपास काही परिणाम झाला नाही. कॅफिन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. म्हणून मिठाने कॉफी सुधारते, पण कॉफीचं सरबत होत नाही.

इथे दोन गैरसमज काढून टाकतो, कारण हा लेख वाचून कोणीतरी हमखास विचारणार. मिठाने कॅफिन कमी होत नाही, त्यामुळे झोप उडायची तेवढीच उडेल. आणि मिठाने कॉफीतलं आम्लही मरत नाही. सोडियम क्लोराइड हा उदासीन क्षार आहे, आम्लाशी झगडायचं काम खायच्या सोड्याचं. अॅसिडिटी होणाऱ्यांनी मिठाच्या भरवशावर रिकाम्या पोटी चौथा मग घेऊ नये.

कॉफीत मीठ ही कल्पना आपल्याला विचित्र वाटते, पण जगात ती नवी नाही. इथिओपियाच्या काही भागांत कॉफीत मीठ आणि लोणी घालतात. व्हिएतनाममधल्या हुए शहरात २०१० साली एका छोट्या दुकानाने खारी कॉफी सुरू केली, खाली कडक कॉफी आणि वर खारवलेली साय, आणि ती देशभर पसरली. तुर्कस्तानात तर मुलगी बघायला येतात तेव्हा ती नवऱ्या मुलाच्या कॉफीत साखरेऐवजी मीठ टाकते आणि त्याने तोंड वाकडं न करता ती प्यायची असते. आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ही प्रथा आली तर निम्म्या स्थळांचा निकाल तिथल्या तिथे लागेल. आपल्याच देशात काश्मीरचा नून चहा आहे. नून म्हणजे मीठ. हिरव्या चहाची पत्ती सोडा घालून खूप वेळ उकळतात, मग दूध आणि मीठ. रंग चक्क गुलाबी येतो. लडाखमध्ये लोणी आणि मीठ घालून घुसळलेला गुरगुर चहा. पत्ती एवढी उकळली की ती कडू-तुरट होणारच आणि तिथेच मीठ उपयोगी पडतं. दुधात मीठ पडलं की दूध फाटतं असं समजणाऱ्यांना नून चहा हे उत्तर आहे. दूध आणि मीठ हा विरुद्धाहार आहे असं आजी म्हणेल, त्या वादात मी पडत नाही.

तुर्की नवऱ्या मुलाला मिळणारी कॉफी मात्र सुधारलेली नसते, कारण तिथे मीठ मर्यादेच्या पार गेलेलं असतं. मिठाचा आलेख सरळ रेषेत वर जात नाही. माइल्ड स्टीलच्या स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हसारखा त्यालाही एक यील्ड पॉइंट आहे. उंदरांवरच्या प्रयोगात २०१३ साली असं दिसलं की मिठाचं प्रमाण फार वाढलं की ते आंबट आणि कडू ओळखणाऱ्या पेशींनाच चाळवतं. म्हणजे थोडं मीठ कडूला गप्प करतं आणि फार मीठ कडूची घंटा स्वतःच वाजवतं. म्हणून चिमूट म्हणजे किती, हे मोजणं भाग आहे.

चिमटीवर माझा विश्वास नाही. प्रत्येकाची चिमूट वेगळी, आणि मेकॅनिकलच्या मुलांची तर बघायलाच नको. त्यापेक्षा फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतलं टायट्रेशन आठवा. चहाचा एक सपाट चमचा मीठ साधारण ६ ग्रॅम भरतं. ते पाण्यात विरघळवून एकूण ६० मिलिलिटर करा, खोकल्याच्या औषधाबरोबर मापाचं झाकण येतं ते पुरतं. झालं १० टक्क्यांचं द्रावण. साध्या ड्रॉपरचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर, म्हणजे एका थेंबात ५ मिलिग्रॅम मीठ. आता १०० मिलिलिटर काळी कॉफी घ्या आणि पाच-पाच थेंब टाकत चव बघत जा. साध्या पाण्यात बऱ्याच लोकांना लिटरला साधारण ०.६ ग्रॅम मीठ असलं की काहीतरी वेगळं आहे एवढं जाणवू लागतं. आपल्या कपात ते १२ थेंबांवर येतं. कॉफीत इतर चवी असल्याने ते आणखी उशिरा कळतं. माझ्या जिभेला पंधरा थेंबांच्या आसपास कॉफी सगळ्यात बरी लागते आणि तिशीच्या पुढे समुद्रावर गेल्यासारखं वाटतं. तुमचा आकडा वेगळा असेल.

जाता जाता, याच बाटलीतले काही थेंब पेलाभर साध्या पाण्यात टाकून बघा. खारट नाही, अगदी किंचित गोड लागतं काही जणांना. अतिशय पातळ मिठाच्या पाण्याचा हा गुण जुना आणि माहितीतला आहे.

आणि "मला फरक कळतो" असं छातीठोक सांगणाऱ्या मित्राची परीक्षा घ्यायची असेल तर त्याला तीन कप द्या. दोन सारखे, एक वेगळा, आणि वेगळा ओळखायला सांगा. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात याला त्रिकोणी चाचणी म्हणतात. डोळे मिटून बोट ठेवलं तरी बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. बारा जणांना दिली आणि त्यातल्या आठ किंवा जास्त जणांनी बरोबर ओळखलं, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन एम-थ्रीच्या पेपरबाहेरही उपयोगी पडतं, याचा हा मला मिळालेला पहिला पुरावा.

हे सगळं काळ्या कॉफीबद्दल. दुधाच्या कॉफीत मिठाचा उपयोग फार जाणवत नाही, त्याचं कारण गमतीदार आहे. १०० मिलिलिटर दुधात मुळातच ४०-५० मिलिग्रॅम सोडियम असतं. शिवाय दुधातलं केसीन कॉफीतल्या कडू-तुरट पदार्थांना धरून ठेवतं. दुधाने कडूपणाचा अर्धा बंदोबस्त आधीच केलेला असतो.

आता कॉफीचा मग बाजूला ठेवून मेसच्या ताटाकडे येऊ. आपल्या आया-आज्यांना हे सगळं 'नेचर' न वाचता ठाऊक होतं. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून ठेवतात आणि मग पिळतात. त्यात दोन कामं होतात. ऑस्मोसिसने पाणी सुटतं आणि त्याबरोबर कडू रस निघून जातो, हे एक. उरलेला कडूपणा आत शिरलेल्या मिठामुळे जिभेवर कमी जाणवतो, हे दुसरं. मेथीची भाजी मीठ विसरून केली तर ती नुसती अळणी लागत नाही, जास्त कडू लागते. पेरूला तिखट-मीठ लावल्यावर तो तुरट कमी आणि गोड जास्त लागतो. श्रीखंडात, पुरणात कणभर मीठ घालणारी घरं आहेत. पानात सगळ्यात आधी, वरच्या बाजूला मीठ वाढायची आपली पद्धत आहे. ते ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे घ्यावं हा त्यातला हिशेब असावा. मेसच्या टेबलावरची मिठाची वाटी ही त्याचीच वंशज.

त्या वाटीचं मात्र आपण काय करतो? घास तोंडात जाण्याआधीच मीठ भुरभुरतो. मेसचं जेवण अळणीच असणार हे आपलं गृहीतक. गंमत म्हणजे त्याच दिवशी उशिरा येणारे म्हणतात वरण खारट होतं. पूर्वी मला वाटायचं यातला कोणीतरी खोटं बोलतोय. साधा मास बॅलन्स करा. चाळीस लिटर वरणात ४०० ग्रॅम मीठ म्हणजे १ टक्का. मंद आचेवर ते दोन तास राहिलं आणि आटून बत्तीस लिटर झालं. मीठ काही वाफ होऊन जात नाही. आता प्रमाण झालं १.२५ टक्के. आठला जेवणारा आणि साडेनऊला जेवणारा, दोघांच्या वाटीत वेगवेगळं वरण आहे. (अर्थात आटलेल्या वरणात पाणी ओतायची प्रथाही काही मेसमध्ये आहे. मग हे गणित उलटं फिरतं.)

यंदाची भानगड मात्र वेगळी होती. दिवाळीनंतर हळूहळू सगळ्यांचीच तक्रार सुरू झाली. वरण सपक, भाजी सपक, आमटीला चव नाही. फेब्रुवारीपर्यंत प्रकरण एवढं तापलं की मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये आचारी बदलायचा विषय निघाला. आपले आचारी मामा इथे कित्येक वर्षं आहेत. तेच मसाले, तेच प्रमाण, तोच हात. मग एकाएकी झालं काय? मी आणि मेस सेक्रेटरी त्यांना भेटायला मागच्या बाजूला गेलो. मामा जेवायला बसले होते. ताटात भाकरी, मेथीची भाजी आणि ताक.

"मामा, मीठ कमी पडतंय हो हल्ली," सेक्रेटरी म्हणाला.

"कमी? अरे, मी रोज स्वतः चाखतो. मला तर उलट खारट लागतंय. मुद्दाम हात आखडता घेतो मी."

मग बोलता बोलता कळलं. ऑगस्टमध्ये त्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं होतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, लोणचं-पापड बंद. मामांनी ते निष्ठेने पाळलं. स्वतःचं जेवण ते वेगळं, जवळजवळ अळणी काढून ठेवायचे.

हे ऐकल्यावर मला १९८२ सालचा एक प्रयोग आठवला, त्यातही मोनेलचे बोशां होतेच. काही तरुण मंडळींना पाच महिने कमी सोडियमचं जेवण दिलं. सुरुवातीला त्यांना ते बेचव लागलं. नंतर मात्र त्यांना सूपमध्ये आणि बिस्किटांत पूर्वीपेक्षा कमी मीठ आवडायला लागलं. पूर्वीचं प्रमाण त्यांना जास्त वाटू लागलं. मामांची जीभ याच वाटेने गेली होती. आमच्या दोनशे जणांच्या वरणाचं मीठ ज्या मीटरवर ठरत होतं, त्याचं कॅलिब्रेशन सहा महिन्यांत सरकलं होतं. स्टोअरचं रजिस्टर काढून पाहिलं, तर मिठाच्या पुड्यांचा आकडा महिन्यागणिक खाली उतरत गेलेला. मामांनी काही वाचवलं नव्हतं की चोरलं नव्हतं. त्यांनी फक्त डॉक्टरांचं ऐकलं होतं.

सांगायला संकोच वाटतो, पण मीटिंगमध्ये आचारी बदला म्हणणाऱ्यांत माझाही हात वर होता.

मग उपाय काय? मामांनी पुन्हा मीठ खायला लागावं हा उपाय होऊ शकत नाही. आम्ही भाजी तोलायचा काटा घेतला आणि "चवीपुरतं" हा शब्द मेसमधून हद्दपार केला. वरणाला लिटरमागे ८ ग्रॅम, पातेलं उतरवायच्या आधी पातळी बघून. पहिल्या आठवड्यात काही जणांना ते कमी वाटलं, म्हणून १० करा अशी मागणी आली. त्यावर आम्ही हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असं सांगते. तिच्याच २०२३ च्या अहवालात जगाची सरासरी १०.८ ग्रॅम आहे. १ टक्क्याच्या वरणाची २०० मिलिलिटरची एक वाटी म्हणजे २ ग्रॅम, झाला चाळीस टक्के कोटा. भाजी, लोणचं, पापड, रात्रीचं फरसाण अजून धरलेलंच नाही. पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा छापलेला असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. रात्री दोनला खातो त्या नूडल्सच्या पाकिटावर हा गुणाकार एकदा करून बघा. त्यापुढे कॉफीतले पंधरा थेंब, म्हणजे ७५ मिलिग्रॅम, किरकोळ आहेत. शेवटी वरण ८ वरच राहिलं, टेबलावर मिठाच्या वाटीशेजारी लिंबाच्या फोडी आल्या आणि आधी चाखा, मग घाला, असा कागद भिंतीवर लागला. त्या कागदाखाली कोणीतरी "आधी वाढा, मग चाखू" असं लिहून ठेवलंय, ते सोडा.

खरी अडचण मामांचीच उरली होती. ते म्हणाले, "अळणीची सवय झाली रे, पण मेथी आणि कारलं खाववत नाही. कडू लागतं. पूर्वी नव्हतं लागत." मला त्यांचं हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ब्लडप्रेशरच्या माणसाचं मीठ काढलं की नुसता खारटपणा जात नाही. इतकी वर्षं मिठाने जो कडूपणा दाबून ठेवलेला असतो, तो बाहेर येतो. घरातले म्हणतात, "नखरे करतात." ते नखरे नसतात, त्या माणसाच्या जिभेवर भाजी खरोखरच वेगळी लागत असते. दर दोन-तीन घरांमागे एका घरात असं एक ताट वेगळं वाढलं जात असेल. तुमच्याही घरी असेल.

आता त्या दोन भागांच्या जिभेचा प्रयोग आठवा. सेन्सरपाशी काम करणारं मीठ काढून घेतलं, तरी कंट्रोल रूमचा रस्ता उघडा आहे. मेथीत गुळाचा छोटा खडा. मधुमेह असेल तर गूळ नको, मग गोडसर कांदा चांगला परतून घालायचा. दाण्याचं कूट, खोबरं, चमचाभर जास्त फोडणी यांनीही कडूपणा बोथट होतो. आमसूल किंवा लिंबू असलं की अळणीपणा कमी जाणवतो. कारली उकडून पाणी टाकून द्यायचं, म्हणजे मिठाचं रस काढण्याचं काम पाण्याकडून होतं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. ते स्वतःच थोडं कडवट लागतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना किंवा ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी नेऊ नका.

मामांनी गूळ आणि दाण्याचं कूट घालून मेथी केली, आम्हालाही वाढली. आम्ही वरून मीठ घेतलं, त्यांनी नाही. त्यांचं ब्लडप्रेशर आता ताब्यात आहे. वरणाच्या पातेल्याजवळ काटा लटकलेला असतो आणि चाखायचं काम रोज मेस कमिटीतल्या एकाकडे असतं, त्यामुळे कमिटीवर यायला अचानक बरेच जण तयार झाले आहेत.

ज्यांना कॉफीचा प्रयोग करायचा असेल त्यांच्यासाठी १० टक्के द्रावणाची लेबल लावलेली बाटली आणि ड्रॉपर आमच्या खोलीत खिडकीत ठेवलेला आहे. कॉफी आपापली आणावी. बाटली डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीसारखी दिसते, तेवढं लेबल वाचून घ्या.